ऋणकोची खुराकी

मी सायकल भिंतीला टेकवली की गल्लीतली चार-पाच दारं लागायची. ज्याचं देणं असे त्यानं दार लावलं तर समजू शकतो, पण जो कुणाचं काही देणं लागत नसे तोही आतून कडी घालायचा. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात मी बेलीफ होतो. समन्स बजावायचं, जप्ती करायची, वॉरंटावर माणूस आणायचा, ही माझी भाकरी. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "लोकांची कपाटं उचलण्यात कसली आलीय गंमत?" तिचंही खरं आहे. आम्हाला लग्नाच्या पत्रिका यायच्या त्या लग्न झाल्यावर. मांडवात बेलीफ दिसला की वऱ्हाडाला वाटायचं, आता ताशासकट सगळं जप्त होणार.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दावा जिंकला की पैसे मिळाले. तसं नसतं हो. दावा जिंकल्यावर हातात पडतो तो हुकूमनामा. त्यावर कोर्टाचा शिक्का असतो, न्यायाधीशांची सही असते आणि तो दाखवला तर वाणी पावशेर साखरसुद्धा देत नाही. पैसे वसूल करायला पुन्हा अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात. मग नोकरदाराचा पगार अडवता येतो, घर-जमीन लिलावात काढता येते, सामान उचलता येतं, आणि हे काहीच जमलं नाही तर देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात घालता येतं. कायद्याच्या भाषेत देणेकरी म्हणजे ऋणको आणि येणेकरी म्हणजे धनको. आमच्या कोर्टात ऋणको नेहमी हसतमुख असायचा आणि धनकोच्या डोळ्यांत पाणी. नवा माणूस हमखास दोघांत गल्लत करायचा.

त्यातही लोक लाजेपायी थांबतात. हातउसने पैसे दिलेले असतात मित्राला, मेव्हण्याला, शेजाऱ्याला. चारचौघांत मागायचं कसं, म्हणून वाट पाहतात. मुदत असते तीन वर्षांची. लेखी कबुली किंवा मधला एखादा हप्ता नसेल आणि तीन वर्षं उलटली, तर देवसुद्धा दावा लावून देऊ शकत नाही. असे किती जण वकिलाच्या पायरीवरून मान खाली घालून परत गेले.

आणि आम्हा बेलिफांचे हातही बांधलेले. राहत्या घराचं बाहेरचं दार बंद असलं तर ते फोडायचं नाही. सूर्य मावळल्यावर आत शिरायचं नाही. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं यांना हात लावायचा नाही. एक ठेकेदार मला रोज खिडकीतून पाणी द्यायचा. म्हणायचा, "दार तेवढं उघडत न्हाय बगा, राग मानू नका." मी पाणी प्यायचो आणि परत जायचो. एक दिवस बार्शीहून त्याचा मेव्हणा ट्रंक घेऊन आला. मेव्हण्यासाठी दार उघडावंच लागलं, आणि ट्रंकेच्या मागोमाग मी आत गेलो. "सायब, हे काय बरं न्हाय," असं तो म्हणाला खरा, पण त्या दिवशीही पाणी दिलंच.

एकदा दुधनीकडून म्हैस जप्त करून आणली. ती कोर्टाच्या आवारात लिंबाला बांधली आणि नाझरसाहेबांसमोर प्रश्न उभा राहिला, की दूध कुणाचं? आमचे नाझर म्हणजे सगळ्या बेलिफांचे वरिष्ठ, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी कायद्याची पुस्तकं चाळली, तोवर कारकुनांनी चहा करून प्यायलासुद्धा. चाऱ्याबद्दल मात्र कायदा स्पष्ट होता. जप्त जनावराचा चारा धनकोनं भरायचा. कडबा महाग झालेला, आणि म्हैस खायला खमकी. चौथ्या दिवशी धनको स्वतः येऊन म्हणाला, "आमचं मिटलं की हो, न्या ती म्हस परत."

जनावराचं जे, तेच माणसाचं. देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात घातलं तर त्याच्या जेवणाचा खर्च सरकार करत नाही. तो येणेकऱ्यानं दर महिन्याला आगाऊ भरायचा. आम्ही त्याला खुराकी म्हणायचो. एक महिना चुकला की तुरुंगाचं दार उघडून देणेकऱ्याला सोडून देतात. आधीच बुडालेल्या माणसानं बुडवणाऱ्याला जेवू घालायचं. म्हणून या वाटेला सहसा कुणी जात नसे. माझ्या नोकरीत शेवटपर्यंत नेटानं गेलेली एकच बाई मी पाहिली. तिचं नाव नरसाबाई.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्यानंतरची ही गोष्ट. नरसाबाई पूर्व भागातली, तेलुगू विणकराच्या घरातली. नवरा गिरणीत होता, तो एक मुलगी मागं ठेवून गेला. त्याच्या फंडाचे चार हजार रुपये आले. ती स्वतः विड्या वळायची. राहायची ती भाड्याची खोली विकत घ्यायची, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात. घरमालकही तयार होता. पण त्याच सुमाराला मल्लिनाथअण्णा दारात आले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे सहा यंत्रमाग होते आणि नवऱ्याची नि त्यांची जुनी ओळख होती. "वहिनी, सुताचा भाव वर गेलाय. तीन महिन्यासाठी द्या, दिवाळीला घरात आणून देतो," असं म्हणाले. रेव्हेन्यू तिकिटावर सही करून वचनचिठ्ठी दिली. दिवाळी गेली, पुढची गेली. तिसरी यायच्या आत नरसाबाईनं वकील गाठला, एवढं तिनं शहाणपणानं केलं.

दावा लागल्याचं समन्स घेऊन मीच अण्णांकडे गेलो होतो. त्यांनी मला चहा पाजला, सही केली, आणि पुढच्याच आठवड्यात सहाही माग स्टॅम्पपेपरवर बायकोच्या नावानं करून टाकले. हुकूमनामा झाला. दरखास्त झाली. मी पंच घेऊन शेडवर जप्तीला गेलो तर अण्णा मागाशेजारी खुर्ची टाकून बसलेले.

"कशाची जप्ती करताव?" ते म्हणाले. "हे माग माझे न्हाईत. मालकीण घरला हाय. मी हितं नुसता बसतो."

बायकोच्या नावानं कोर्टात हरकतीचा अर्ज आला. अण्णांनी पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगितलं की माग बायकोच्या मालकीचे, माझा त्यांच्याशी संबंध नाही. बायको कोर्टात आलीच नाही. अर्जावर तिचा अंगठा होता. माग सुटले. हा व्यवहार खोटा ठरवायचा तर नरसाबाईला वेगळा दावा करावा लागणार आणि त्याला वर्षानुवर्षं जाणार.

वकिलांनी तिला कोर्टाच्या व्हरांड्यात हे सगळं समजावून सांगितलं. मी बाजूला उभा होतो. घरमालकानं तिला बजावलं होतं, की या दिवाळीपर्यंत थांबतो, पुढं गिऱ्हाईक येईल त्याला खोली देणार. तिला वेगळा दावा परवडण्यासारखा नव्हता.

"अजून काय हाय तुमच्या कायद्यात?" तिनं विचारलं.

"तुरुंग आहे. पण त्यात तुमचाच खर्च, बाई. आणि जास्तीत जास्त सहा महिने. सहा महिने काढून तो बाहेर आला की पुन्हा या देण्यासाठी अटक करता येत नाही."

"खर्च म्हंजे?"

वकिलांनी खुराकी सांगितली. बाईनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "त्यानं माझं चार हजार खाल्लं. अजून जरा खाऊ दे. पण आत बसून खाऊ दे."

न्यायाधीशांपुढं अण्णा ऐटीत उभे राहिले. माझ्या नावावर काय आहे ते दाखवा, म्हणाले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, की दावा दाखल होईपर्यंत माग कुणाचे होते? देणं चुकवायला माल हलवला, एवढं कारण पुरेसं होतं. साहेबांनी तुरुंगाचा हुकूम लिहिला. मी अण्णांना घेऊन निघालो. वाटेत ते मला म्हणाले, "बेलीप, इडी वळणारी बाई मला किती दिवस जेवायला घालणार? पुढच्या म्हयन्यात मी घरी असतो बघा."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

पहिली खुराकी नाझरसाहेबांकडे भरली गेली. पुढची दर महिन्याला तुरुंगातच भरायची. तिला वाचता येत नव्हतं, पावती नीट मिळते का याची तिला धास्ती, म्हणून मी बरोबर जायचो. ते माझ्या कामात बसत नव्हतं, पण तिकडं माझी फेरी असायचीच. पदराच्या गाठीतून ती नोटा आणि चिल्लर काढायची. बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली. फाटकावरचा शिपाई मुसलमान होता, वयस्कर, दाढी पिकलेली. तो दर वेळी म्हणायचा, "क्या अम्मा, इस मइने बी? छोड दो ना." ती म्हणायची, "पावती द्या."

तिसऱ्या महिन्यात मी तिला म्हणालो, "नरसाबाई, अजून विचार करा. असाच माणूस बाहेर आला तर खोलीही जाईल आणि हे पैसेही." ती माझ्यावर उखडली. "तुमी बेलीप हाय का त्याचं पाव्हणं? सोडायचं असतं तर मी कोर्टात कशाला आले असते? त्यो मला इचारून गेला हुता, तीन म्हयने, वहिनी. मी पन मोजतेय की म्हयने." त्या दिवसापासून मला तिचा अभिमान वाटायला लागला, आणि काळजीही. घरी जेवताना मी आमच्या मंडळींना रोज तिचंच सांगायचो.

चौथ्या महिन्यात फाटकाशी आणखी एक बाई उभी होती. ठसठशीत कुंकू, इरकली लुगडं, हातात पितळी डबा. आम्ही गेलो तेव्हा ती शिपायाशी हुज्जत घालत होती. नवऱ्याला आतलं जेवण सोसत नाही, म्हणून घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणलीय, आत पोचवा, असं तिचं म्हणणं. शिपाई म्हणत होता, साहेबांना विचारून सांगतो, थांबा. तो आत गेला. दोघी बायका लिंबाच्या सावलीत उभ्या राहिल्या. बायकांना शेजारी उभं राहिल्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

"तुमचं कोन हाय हो आत?" डब्याच्या बाईनं विचारलं.

"माझं कोन न्हाय," नरसाबाई म्हणाली. "मी एकाच्या जेवणाचं पैसं भराय आलेय."

"अय्यो, केवढं पुण्याचं काम! कोन म्हणायचं ते?"

"मल्लिनाथअण्णा म्हणून हाईत. अक्कलकोट रोडला टावेलचं माग हाईत त्यांचं."

त्या बाईनं हातातला डबा पदराआड घेतला. तेवढ्यावरून मी ओळखलं, की ही गंगाक्का, अण्णांची बायको. ज्या बाईच्या नावावर सहा माग होते आणि जिनं कोर्टाची पायरी कधी पाहिली नव्हती, ती ही. नरसाबाईनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मी मध्ये पडावं की नाही या विचारात होतो, तोवर गंगाक्काच माझ्याकडे वळली. माझ्या छातीवरचा बिल्ला तिनं पाहिला.

"ही खरं सांगलालीय का?"

"खरं आहे, अक्का."

"आमचे म्हणाले, सरकारचा काय तरी घोळ हाय, सहा म्हयने बसून यायचं, सरकार जेवायला घालतंय."

शिपाई परत आला होता, त्यानं ऐकलं. म्हणाला, "सिविल का कैदी है अक्का. सरकार कायकू खिलाएगी? जो अंदर डालता, वोच खिलाता. ये अम्मा खिलारी."

गंगाक्कानं नरसाबाईकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, तिच्या बोटांकडे. मग विचारलं, "किती बुडवलेत तुमचं?" नरसाबाईनं सांगितलं. कशाचे पैसे होते तेही सांगितलं. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ऐकून झाल्यावर गंगाक्का शिपायाला म्हणाली, "डबा नको पोचवू." आणि डबा घेऊन चालायला लागली. दहा पावलांवरून परत आली, डबा नरसाबाईच्या हातात दिला आणि निघून गेली. नरसाबाई डब्याकडे बघत राहिली. मला म्हणाली, "कोन हो ही?" मी सांगितलं. तेव्हा तिनं डबा खाली ठेवला. "मला आधी म्हाईत असतं, तर तिच्या तोंडावर असं बोलले नसते," म्हणाली. पण पैसे भरून पावती घेतल्याशिवाय ती तिथून हलली नाही.

पुढचा महिना गेला. काहीच झालं नाही. गंगाक्का पुन्हा तुरुंगाकडं फिरकली नाही, अण्णा आत निवांत. पाचवी खुराकी भरताना नरसाबाईचे पैसे थोडे कमी पडले. कारखान्यातल्या बायकांनी आपापल्या विड्यांच्या मजुरीतून भर घातली. सहावी खुराकी भरायचा दिवस जवळ आला. तो महिना संपला की अण्णा बाहेर येणार आणि पुन्हा त्यांना कुणी हात लावू शकणार नाही. दिवाळीही तोंडावर आली होती. मी रोज कोर्टात आलो की पहिल्यांदा तोच विचार यायचा आणि जेवण गोड लागत नसे. कायद्यानं जे देता येण्यासारखं होतं ते सगळं तिला देऊन झालं होतं, आणि तरी तिच्या हातात पावत्यांशिवाय काही नव्हतं. बेलिफाच्या नोकरीचं हेच दुःख आहे. आम्ही कोर्टाचे हात, पण मूठ उघडली की बरेचदा रिकामी.

एके सकाळी नाझरसाहेबांनी मला हाक मारली. त्यांच्या टेबलासमोर गंगाक्का बसली होती. सोबत एक मारवाडी गृहस्थ होते, जुन्या मागांचे दलाल. टेबलावर फडक्यात बांधलेले पैसे.

"ह्या बाई दरखास्तीतली सगळी रक्कम भरायला आल्यात," नाझर म्हणाले. आवाज चमत्कारिक झाला होता त्यांचा. "दोन माग विकले म्हणतात."

"तीन," गंगाक्का म्हणाली. "दोनात व्याज बसंना."

नाझरसाहेबांनी टाक खाली ठेवला. "बाई, तुमच्या यजमानांना विचारलंय ना? ते आत आहेत, बाहेर आल्यावर काही म्हणाले तर..."

"त्यांना कशाला इचारू?" गंगाक्का म्हणाली. "माग कुनाचे?"

नाझर दरखास्तीची फाईल उलटायला लागले.

"त्यांनीच हितं शपथ घेऊन सांगितलंय न्हवं, मालकीण मी म्हणून? कोर्टानं बी तसंच लिवलंय. मग मालकिणीनं इकलं. का कोर्टाचं लिवलेलं खोटं धरताव?"

अंगठ्यापुरती धरलेली बाई आमच्या ऑफिसात बसून आम्हालाच कायदा सांगत होती, आणि त्यात खोड काढायला जागाच नव्हती. नाझरसाहेबांसारखा कडक माणूस हसला. मुद्दल झालं, व्याज झालं, दाव्याचा खर्च झाला. पावती लिहायला त्यांनी टाक उचलला तेव्हा गंगाक्कानं फडक्याचं दुसरं टोक सोडलं.

"हे येगळं लिवा. जेवणाचे. पाच म्हयन्यांचे."

"ते खर्चात धरून मागता येतात बाई, पण अजून कुणी मागितलेले नाहीत."

"मागितले न्हाईत म्हणून काय झालं? आमच्या घरातल्या मानसानं जेवलेलं हाय ते. पयलं तेच लिवा."

सुटकेचा हुकूम घेऊन मी तुरुंगात गेलो. अण्णा फाटकातून बाहेर आले ते खुशीत. त्यांना वाटलं, खुराकी चुकली. मला म्हणाले, "काय म्हणालो हुतो बेलीप? थकली का न्हाय बाई?"

"थकली नाही. तुमचं देणं फिटलं अण्णा."

"कुनी फेडलं?"

"मालकिणीनं."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तोंडात एक शिवी आली होती, पण ती द्यावी कुणाला हे कळेना. बायकोला द्यावी तर शपथ आड येत होती. शिपाई म्हणाला, "चलो सेठ, खुदा हाफिज." अण्णा पायीच निघाले. नंतर ऐकलं, की उरलेल्या तीन मागांवर गंगाक्का स्वतः जाऊन बसायला लागली. शेडवरच्या पाटीवर तिचंच नाव रंगवलं आणि सुताचे व्यवहार तीच बघायला लागली. अण्णा सायकलवरून टॉवेलचे गठ्ठे बाजारात पोचवायचे. धंदा बरा चालला म्हणतात.

नरसाबाईला पैसे मिळाले ते मी स्वतः पाहिलं. रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. खुराकीचे पैसे वेगळे बांधून त्यातून तिनं विड्यांच्या कारखान्यातल्या बायकांनी घातलेली भर आधी परत केली. मग घरमालकाकडे गेली. दिवाळीच्या आत खोलीचं खरेदीखत झालं.

वर्ष-दीड वर्षानं दुसऱ्याच कुणाचं समन्स घेऊन मला तिच्या गल्लीत जावं लागलं. सायकल भिंतीला टेकवली. एक दार लागलं, दुसरं लागलं, शेजारच्या घरात घाईघाईनं पाट सरकल्याचा आवाज आला, तेही लागलं. गल्लीच्या टोकाला एक दार उघडं होतं. उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन नरसाबाई विड्या वळत बसलेली. मला पाहून तिनं मान हलवली आणि आतल्या मुलीला तेलुगूत चहा टाकायला सांगितला. मला हसू आलं. म्हणालो, "नरसाबाई, सगळ्या गल्लीनं दारं लावली. तुम्ही लावलं नाही?"

तिनं हातातली विडी दोऱ्यानं बांधली, सुपात टाकली.

"मी कुनाचं काय देणं लागते?" म्हणाली. "आन दार माझंच हाय की. बसा."